'सुब्ह-ए-बसरा'चं नववं रीळ

बा, फिजी
९ फेब्रुवारी १९५८

मुरब्बी मिनोचरजी,

तुम्ही मला ओळखत नाही. मी रुकैया, इथल्या मुलींच्या शाळेत शिकवते. तीन वर्षांची असताना आईबरोबर मुंबई सोडून सुलेमानमामाकडे इथे आले. मामाचं शिवणकामाचं दुकान आहे. माझे वडील याकूब वोरा. तुमच्या सिनेमा कंपनीत ते उड्यांची आणि मारामारीची कामं करायचे. १९३३ साली 'सुब्ह-ए-बसरा' या बोलपटाचं काम चालू असताना ते पडले आणि वारले.

कंपनीच्या मॅनेजरने तेव्हा आईला सांगितलं की याकूब दारू पिऊन वर चढला होता. ते वाक्य आमच्याबरोबर बोटीत बसून इथवर आलं. मामाला राग आला की तो कात्रीसुद्धा न थांबवता म्हणतो, "दारुड्याची पोर चार बुकं शिकली, आता आम्हाला शिकवणार!" आई मान खाली घालून काजं करत राहते. आमच्या घरात वडिलांचं नाव निघत नाही.

जानेवारीच्या तुफानात शिवदत्तच्या थेटराच्या गोदामाचं छप्पर उडालं आणि जुन्या फिल्मचे डबे पावसात भिजले. त्यांत 'सुब्ह-ए-बसरा'ही निघाला. असल्या जुन्या फिल्म पेट घेतात, म्हणून त्या गावात ठेवू नका असा सरकारी हुकूम आहे. शिवदत्त म्हणतो, १५ मार्चला म्हाताऱ्यांसाठी एकदा लावतो आणि मग सगळं समुद्रात. त्याचा मशीनवाला जोसेफा म्हणाला, "मास्तरीणबाई, चौदा रिळं गुळाच्या ढेपेसारखी चिकटलीत. दोन, फार तर तीन सोडवून देईन. कुठली ते तुम्ही सांगा. नाहीतर मी आपली नाचाची सोडवतो."

डब्यात गाण्यांची चोपडी होती. तिच्यात तुमचं नाव होतं: ध्वनिमुद्रण सहायक, मिनोचर पस्ताकिया, बी. एस्सी. साऱ्या यादीत पदवी तुमचीच, म्हणून वाटलं हा माणूस सापडेल. मुंबईच्या एका पारशी वर्तमानपत्राला लिहिलं, त्यांनी पत्ता पाठवला.

माझ्याजवळ वडिलांचा एकही फोटो नाही. आईला विचारलं तर म्हणते, चेहरा आठवत नाही. तेव्हा दोनच गोष्टी विचारते. ते कुठल्या रिळात दिसतात आणि कसे ओळखायचे? आणि ते त्या दिवशी प्यायले होते का? खरं तेच लिहा. वाईट असलं तरी चालेल, आजवर वाईटच ऐकलंय.

रुकैया वोरा

*

दादर, मुंबई
२४ फेब्रुवारी १९५८

रुकैयाबेन,

साहेबजी. तुमचं पत्र चार दिवस खिशात घेऊन फिरतो आहे. कॉलेजात मी भौतिकशास्त्राची प्रात्यक्षिकं घेतो. काल मुलांसमोर नादकाटा वाजवला आणि पुढे काय सांगायचं तेच विसरलो.

त्या बोलपटाची प्रत कुठेतरी शिल्लक असेल असं मला वाटलं नव्हतं. इथल्या प्रती केव्हाच गेल्या. कंपनीही राहिली नाही.

याकूबभाईंना मी चांगला ओळखत होतो. त्यांना सगळे पतंग म्हणत. बसऱ्याच्या खलिफाचा दरबार आम्ही एका पत्र्याच्या शेडमध्ये उभा केला होता. प्लास्टरचे खांब, कारंजं, वर लाकडी सज्जा. खलिफाच्या पहारेकऱ्यांत ते होते आणि नायकाच्या उड्याही तेच मारत, पण तिथे चेहरा दिसू नये अशी काळजी घेतली जाई. म्हणून दुसरं रीळ सोडवायला सांगा. त्यात दरबार भरतो. तख्ताच्या उजवीकडे भाले घेतलेले चौघे दाढीवाले आहेत. तख्ताकडून मोजल्यास तिसरे याकूबभाई. जमलं तर बारावंही घ्या, त्यात मिरवणुकीत ते उंटाच्या पुढे चालतात.

दारूबद्दल मला काही ठामपणे सांगता येणार नाही. मी एकवीस वर्षांचा होतो, माझं लक्ष यंत्राकडे असे. मी त्यांना प्यायलेलं कधी पाहिलं नाही, एवढं लिहितो.

मातोश्रींना माझा आदर कळवा.

मिनोचर पस्ताकिया

*

दादर, मुंबई
३ मार्च १९५८

रुकैयाबेन,

मागचं पत्र टाकून आठवडा झाला. त्यात खोटं काही लिहिलं नाही, पण ते प्रामाणिक पत्र नव्हतं. मी रोजनिशी लिहितो, त्यामुळे असल्या गोष्टी माझ्यापासून लपत नाहीत. माझी बहीण आलू म्हणते, "मिनू, तू माशी मारलीस तरी डायरीत तिची माफी मागशील." या वेळी तिने माझा चेहरा बघून चेष्टा केली नाही. "पत्र परत मागवता येत नाही, दुसरं टाकता येतं," एवढंच म्हणाली.

बारावं रीळ सोडवू नका. नववं सोडवा.

नवव्यात तुमचे वडील पडतात. ते दृश्य कंपनीने तसंच ठेवलं. खलिफा शिक्षा सुनावत असतो, सारा दरबार स्तब्ध, आणि नायक सज्ज्यावरून दोराला लोंबकळत कारंज्यावरून झेप घेतो. दोर सुटतो. तो कारंज्याआड पडतो आणि पुढच्या चित्रात नायक तिथून उठून उभा राहतो. पाहून आलेले सांगत, लोकांना वाटायचं, काय उडी आहे! मी तो बोलपट पाहिला नाही. त्यानंतर कुठलाच पाहिला नाही.

बारावं सुचवलं ते तुम्ही नवव्यापर्यंत पोचू नये म्हणून. पण हे ठरवणारा मी कोण? पाहायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मातोश्रींना मात्र नेऊ नका.

एक विनंती. पाहिलंत तर कान देऊन ऐका. दोर सुटण्याआधी, तीन-चार सेकंद आधी, कुणाचा आवाज येतो का? कसलाही. कारण आत्ता विचारू नका.

मि. प.

*

बा
१८ मार्च १९५८

मिनोचरकाका,

तुमचं पहिलं पत्र वेळेवर आलं. दुसरं पंधरा तारखेला सकाळी हातात पडलं. मी तशीच सायकल घेऊन थेटरवर गेले. जोसेफा बाराव्या रिळाशी झटत होता. म्हटलं, हे सोड, नववं काढ. तो म्हणाला, "तीन दिवस मी याला आंघोळ घालतोय, आणि आता दुसरं?" पण माझ्याकडे बघून त्याने नववं काढलं. वरचे वेढे निकामी होते, आतले बरे निघाले. "हळू श्वास घ्या," म्हणाला, "हे तुमच्या श्वासानेसुद्धा तुटेल."

दुपारी तीनचा खेळ. तीस-चाळीस म्हातारे, ऊस तोडून आयुष्य गेलेले. पहिल्यांदा हा सिनेमा बैलगाडीने येऊन पाहिलेले चार-पाच त्यांतलेच. दुसरं रीळ सुरू झालं. चित्रावर पावसाचे डाग नाचत होते, पण दरबार दिसला. मी तख्ताच्या उजवीकडून मोजलं. तिसरा. भाल्यावर रेलतो, मग आठवल्यासारखा ताठ होतो. मला रडू यायला लागलं. तेवढ्यात मागून आवाज आला, "तो नव्हे. त्याच्या पलीकडचा, शेवटचा. मान बघ."

आई होती. बुरख्यात, शेवटच्या बाकावर. आयुष्यात कधी थेटरात पाऊल टाकलं नाही तिने. मी म्हटलं, तू म्हणायचीस चेहरा आठवत नाही! ती म्हणाली, "चेहरा कोण म्हणतंय? मान सांगितली."

काका, तुम्ही चुकलात. तिसरा नव्हे, चौथा. शेवटचा माणूस एकदा डावीकडे वळतो आणि माझी मान त्याच्यासारखी आहे.

नवव्याच्या आधी मी आईला म्हटलं, चल घरी. तिने माझा हात बाजूला केला.

तो सज्ज्यावर दिसला तेव्हा पाठमोराच होता. कठड्यावरून चालला. मी नीट पाहिलं, पाय कुठे अडखळत नव्हता. दोर धरला, झेप घेतली. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या! पुढच्या बाकावरचा एक म्हातारा ओरडला, "शाब्बास रे वाघा!" मी त्याला काय सांगणार होते?

जोसेफाला पुन्हा लावायला सांगितलं. तो नाही म्हणाला, मग आईकडे बघून लावलं. दुसऱ्या वेळी मी डोळे मिटून ऐकलं, तुम्ही सांगितलं होतं म्हणून. कारंज्याचं पाणी. खलिफाचा आवाज. लांब कुठेतरी कावळा. मग धप्प. बस. आधी काही नाही, कुणी काही बोललं नाही. तुम्हाला वाटलं असेल की त्यांच्या तोंडून शेवटचा शब्द निघाला असेल, अल्लाचं नाव किंवा आईचं. नाही निघाला. आई डोळे उघडे ठेवून बसली होती. ती म्हणाली, "पडताना क्षणभर तो इकडे वळला. ओठ घट्ट मिटलेले होते." तेवढ्यात फिल्म तुटली. जोसेफा मशीन बंद करून बाहेर आला आणि आईसमोर टोपी काढून उभा राहिला. दुसऱ्या दिवशी सारे डबे होडीतून खडकांपलीकडे गेले.

आता मला सांगा. प्यायलेला माणूस एवढ्या उंचावरून पडताना ओठ मिटून पडेल का? मला वाटलं होतं, उत्तर मिळालं. घरी येताना आईला तसं म्हटलंही. ती उसाच्या गाडीच्या रुळांशी थांबली आणि पहिल्यांदाच बोलली: "रोज घरी यायचा तेव्हा वास यायचा. दारूचाच. तोंडाजवळ, हनुवटीला. मॅनेजरने सांगितलं म्हणून मी मानलं नाही, रुकू. मला माहीत होतं म्हणून मानलं."

म्हणजे मामा खरं तेच बोलतो. मग ते गप्प का पडले? आणि तुम्ही मला काय ऐकायला सांगितलं होतं?

रुकैया

*

दादर, मुंबई
२ एप्रिल १९५८

प्रिय रुकैया,

आधी वासाचं लिहितो, कारण ते मला पक्कं ठाऊक आहे.

पहारेकऱ्यांच्या दाढ्या खोट्या होत्या. त्या डिंकाने चिकटवत, आणि तो डिंक स्पिरिटमध्ये विरघळवलेला असे. संध्याकाळी दाढी काढताना पुन्हा स्पिरिटचा बोळा. याकूबभाईंना दिवसातून दोनदा, कधी तीनदा ते लावावं लागे. सारी शेड त्या वासाने भरलेली असे. खलिफाच्याही तोंडाला तोच वास, आणि खलिफाचं काम करणारे गृहस्थ तर सुपारीसुद्धा खात नसत. तोंडाजवळ, हनुवटीला, असं मातोश्री म्हणाल्या. तो दाढीचा वास होता. तुमचे वडील प्यायलेले नव्हते. त्या दिवशी सकाळपासून मी त्यांच्यापासून दहा हातांवर होतो आणि हे मी कुठेही, कुणाहीसमोर सांगायला तयार आहे. पहिल्या पत्रात 'ठामपणे सांगता येणार नाही' असं लिहिलं तेव्हाही मला हे ठाऊक होतं. ठाम बोललो तर तुम्ही विचारलं असतं, मग पडले कसे? त्या प्रश्नाला मी भीत होतो.

आता तो प्रश्न.

तेव्हा आवाज चित्राबरोबरच भरला जाई. नंतर भरायची सोय नव्हती. शिट्टी झाली की दोनशे माणसं दगड होत. कुणी खोकलं तर सगळं वाया, पुन्हा पहिल्यापासून. आदल्याच दिवशी एका सारंगीवाल्याला शिंक आली आणि मॅनेजरने त्याला सारंगीसकट रस्त्यावर काढलं. आम्ही सगळे असे शिकलो होतो की शिट्टी झाल्यावर विंचू चावला तरी आधी ओठ मिटायचे. याकूबभाईंनी एकदा उडीत ओरडून दृश्य बिघडवलं होतं. त्यावर मॅनेजरने त्यांना सगळ्यांदेखत सुनावलं होतं, "पतंगाला तोंड नसतं." ते हसले होते. पण लक्षात ठेवलं. म्हणून ते गप्प पडले. ते पूर्ण शुद्धीत होते, इतके, की हवेतसुद्धा ते कामावर होते.

मी सज्ज्याच्या वर, फळीवर, बांबूला बांधलेला मायक्रोफोन धरून बसलो होतो. दोराची गाठ माझ्यापासून हातभर अंतरावर होती. त्यांनी कठड्यावर पाय ठेवला तेव्हा ती सरकली. मी पाहिलं. ते अजून उभे होते. तीन सेकंद, कदाचित चार. 'याकूबभाई' एवढं म्हणायला एक सेकंद पुरतो. गेली पंचवीस वर्षं मी ते घड्याळ लावून म्हणून पाहतो आहे.

त्या दिवसाच्या रोजनिशीत लिहिलं आहे: 'मी ओरडलो, पण उशीर झाला होता.' माझंच अक्षर आहे. पण ते पान मी तीन दिवसांनी लिहिलं, आणि त्यावर माझा विश्वास कधी बसला नाही. विश्वास बसावा म्हणून कितीदा वाचलं असेल. म्हणून तुम्हाला ऐकायला सांगितलं. मायक्रोफोन माझ्या हातात होता. मी नुसता पुटपुटलो असतो तरी ते फिल्मवर उतरलं असतं. तुम्ही पाणी ऐकलंत, कावळासुद्धा ऐकलात.

तेव्हा मी ओरडलो नाही. रोजनिशी खोटी आहे.

मॅनेजरने दारूची गोष्ट उठवली ती गाठ कुणी तपासली नाही हे झाकायला. मी ती खोडली नाही, कारण मग मी कुठे बसलो होतो हे निघालं असतं. महिनाभराने नोकरी सोडली आणि त्यालाच प्रायश्चित्त समजलो. तुमच्या घराकडे एकदा गेलो होतो, नागपाड्याला. खालीच पानवाल्याने सांगितलं की मायलेकी बोटीने गेल्या. मला सुटल्यासारखं वाटलं. तेही लिहितो.

सोबत वेगळ्या कागदावर हेच सारं सुलेमानभाईंसाठी थोडक्यात लिहून सही केली आहे. ते त्यांना दाखवायचं, जमातीत वाचायचं की फाडायचं, तुमच्या हातात आहे.

वासाबद्दल मातोश्रींना सांगावं की नाही, याचा मी दोन दिवस विचार केला. सांगितलं तर एक ओझं उतरतं, पण कदाचित दुसरं चढतं. ते तुम्हीच ठरवा.

मिनोचर

*

बा
१ मे १९५८

मिनोचरजी,

तुम्हाला काका म्हणून लिहायला हात धजत नाही. पुढचं माहीत नाही.

तुमचं पत्र वाचून मी शाळेच्या मागे जाऊन तुम्हाला मोठमोठ्याने शिव्या दिल्या. गुजराती पुरल्या नाहीत तेव्हा जोसेफाकडून शिकलेल्या दिल्या. एक सेकंद, मिनोचरजी! आणि वर मला पहिल्या पत्रात उंटाची मिरवणूक बघायला पाठवत होतात.

मग मी तो वेगळा कागद घेऊन मामाच्या दुकानात गेले. शुक्रवार होता, नमाज सुटून आलेले चौघे-पाचजण बसले होते. मी उभ्याने वाचला. मामा मशीन चालवत होता. 'ते पूर्ण शुद्धीत होते' इथे मशीन थांबलं. "कोण आहे हा?" म्हणाला. म्हटलं, तिथे होता तो माणूस. "पुन्हा वाच." पुन्हा वाचला. मामाने चष्मा काढून पुसला, आणि मग बसलेल्यांतल्या एका गिऱ्हाइकावर उगाच डाफरला, "तुझा पायजमा मंगळवारी, सांगितलं ना!" त्या दिवसापासून तो मला रुकैया म्हणतो. दुसरं काही म्हटलं नाही, माफीही नाही. पण मामाकडून एवढं म्हणजे खूप झालं.

आईला वासाचं सांगायचं की नाही, हे तुम्ही माझ्यावर टाकलंत. मी आठ दिवस घेतले. मग विचार केला, आजवर तिच्यासाठी सगळ्यांनीच ठरवलं, काय सांगायचं आणि काय नाही. मॅनेजरने ठरवलं, मामाने, तुम्ही. आता मीही? ती भाताला आधण ठेवत होती, तेव्हा वासाचं आणि तुमच्या तीन सेकंदांचंही सांगून टाकलं.

पाणी उकळून उतू गेलं. मग म्हणाली, "तो हेच सांगायचा. दाढीचा डिंक आहे, मरियम, दाढीचा डिंक. मी म्हणायचे, सगळे नवरे असंच काहीतरी सांगतात. त्या दिवशी सकाळी मी त्याच्याशी बोलले नाही. तो दारात उभा राहून दोनदा म्हणाला, येतो. मी वळून पाहिलं नाही."

मी तिला जवळ घ्यायला गेले तर म्हणाली, भात लागेल.

त्यानंतर चार दिवस ती दारात जायची, रुळांपर्यंत जायची, परत यायची, काजं करायला घेऊन तशीच ठेवायची. पाचव्या दिवशी सकाळी मी शाळेला निघाले तर मला बसवून घेतलं. "त्या पारशाला पत्र लिही," म्हणाली. "मी सांगते तसं. तुझं काही घालू नकोस." आता पुढचं तिचं आहे:

"मिनोचरभाई, मरियमचा सलाम. तू तीन सेकंद गप्प बसलास, मी सकाळपासून गप्प होते. माफ-बिफ मी कोणाला करत नाही, मला तो अधिकार आहे की नाही ते ठाऊक नाही. पण तू त्याच्याबरोबर रोज दिवसभर असायचास. मला तो रात्री थकलेला मिळायचा, आणि तोही मी वासावरून भांडण्यात घालवला. आता मला तो सगळा पाहिजे. त्या दरबारात तो काय खायचा, कोणाची नक्कल करायचा, उडी मारायच्या आधी काय करायचा, ते लिहून पाठव. आठवत नसेल तिथे आठवत नाही म्हण, चौथ्याला तिसरा करू नकोस. आणि एक आधी लिही. मान मी विसरले नाही, चालही नाही. पण एवढा बोलका सिनेमा, त्यात त्याच्या तोंडून एक शब्द नाही. तू आवाजाचा माणूस ना? मग सांग, त्याचा आवाज कसा होता. मी विसरले."